ॲन्युइटीच्या अर्जावर बायकोची सही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२५मध्ये एनपीएसचे, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे, नियम बदलले आणि तेव्हापासून आमच्या ठाण्यातल्या कचराळी तलावाच्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. सरकारी नोकरीत नसलेल्या वर्गणीदाराला आता साठीनंतर जमा रकमेतले ८० टक्के रोख काढता येतात. पूर्वी ६० टक्के मिळत आणि उरलेल्या ४० टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून हयातभराचा हप्ता, घ्यावीच लागे. आता २० टक्क्यांची घेतली तरी भागतं. ‘बरं झालं, आपला पैसा आपल्या हातात आला,’ असं म्हणणाऱ्यांत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे बहुतेक सभासद आहेत आणि आमचे यजमानही आहेत. आपल्या अंकातही त्याच सुराचं पत्र वाचलं, म्हणून हे लांबलेलं उत्तर. जागेअभावी कात्री लावावी लागली तर आकडे कापा, बायकांविषयीचा मजकूर तेवढा ठेवा.

माझी ओळख थोडक्यात. राज्य शासनाच्या एका कार्यालयात लेखा शाखेत नोकरी केली. शेवटची बरीच वर्षं पेन्शन प्रकरणं माझ्याच टेबलावर होती. २०१६मध्ये निवृत्त झाले. पाचपाखाडीत राहते आणि संघात कोणाला फॉर्म भरायचा असेल तर त्याच्याबरोबर बसते. मी एजंट नाही, कसली पॉलिसी विकत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण साठी उलटलेल्या माणसाशी पैशाविषयी गोड बोलणारा ठाण्यात सहसा काहीतरी विकायलाच आलेला असतो.

कट्ट्यावरच्या चर्चेत दोन वेगळे व्यवहार एकमेकांत मिसळतात. सरकारी पेन्शनर आपली पेन्शन ‘विकतो’, म्हणजे हप्त्याचा भाग सोडून रोख घेतो. खासगी नोकरीतला माणूस जमा पैशातून पेन्शन विकत घेतो, म्हणजे रोख देऊन हप्ता घेतो. दोन्हीकडे प्रश्न ‘आत्ता रोख की जन्मभर हप्ता’ असाच दिसतो, पण हिशेब अगदी वेगळे आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की गडबड होते.

आधी विक्री, कारण ती मला तोंडपाठ आहे. मूळ पेन्शनच्या जास्तीत जास्त ४० टक्के भागाचं अंशराशीकरण, म्हणजे ही विक्री, करता येतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचा पुढचा वाढदिवस ५९वा. अंशराशीकरणाच्या सरकारी तक्त्यात त्याच्यासमोर ८.३७१ हा गुणक आहे. मूळ पेन्शन ४० हजार धरा. त्यातले १६ हजार विकले तर १६,००० गुणिले १२ गुणिले ८.३७१, म्हणजे १६ लाख ७ हजार २३२ रुपये एकरकमी मिळतात आणि सरकारी कर्मचाऱ्याला त्यावर प्राप्तिकर नाही. बदल्यात १५ वर्षं दरमहा १६ हजार कापले जातात आणि मग पेन्शन पूर्ववत होते. हे पूर्ववत होणंसुद्धा कोणी ताटात वाढून दिलेलं नाही. केंद्राच्या पेन्शनरांसाठी ‘कॉमन कॉज’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, १९८६मध्ये निकाल लागला. त्याआधी विकलेला भाग विकला तो विकलाच, माणूस नव्वदीपर्यंत जगला तरी.

१६ हजार गुणिले १८० महिने म्हणजे २८ लाख ८० हजार. ‘सोळा लाख दिले आणि जवळजवळ एकोणतीस लाख वसूल केले, ही पेन्शनरांची लूट आहे,’ असा संदेश व्हॉट्सॲपवर वरचेवर फिरतो. तो पुढे पाठवणारे मुलाच्या गृहकर्जाचा हप्ता असाच गुणून पाहत नाहीत. व्याज धरून हिशेब केला तर हा दर साल पावणेनऊ टक्क्यांच्या किंचित खाली पडतो. शिवाय कुठल्याही बँकेच्या कर्जात फुकट न मिळणारी एक सोय यात आहे. पेन्शनर चौथ्या वर्षी गेला तर राहिलेली वसुली करायला कोणी दारात येत नाही, आणि कुटुंब निवृत्तिवेतन ठरवताना विकलेला भाग वजा होत नाही. महागाई भत्ताही विक्रीपूर्वीच्या पूर्ण मूळ पेन्शनवर मिळत राहतो. तेव्हा लूट नाही, आणि बक्षीसही नाही. विमा जोडलेलं कर्ज आहे. १५ वर्षं जास्त वाटत असतील तर ती मागणी वेगळी करावी. केरळमध्ये हा काळ १२ वर्षांचा आहे.

ज्याच्या डोक्यावर पतपेढीचं बारा-तेरा टक्क्यांचं कर्ज आहे त्याने विकून ते फेडावं, डोळे झाकून. पण पेन्शन विकायची आणि आलेली रक्कम पोस्टात ८.२ टक्क्यांनी ठेवायची, यात काय साधलं? पावणेनऊने घेतलं आणि सव्वाआठने लावलं. तरी निम्म्याहून जास्त लोक हेच करताना मी पाहिले. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसणारा, मग तो अधिकारी असो की शिपाई, आधी विचारायचा, ‘मॅडम, सगळे किती विकतात?’

‘चाळीस टक्के.’

‘मग चाळीसच लिहा.’

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीतला सगळ्यात मोठा व्यवहार चहा निवायच्या आत उरकलेला असायचा. मी स्वतः विकलं नाही. त्यात शहाणपणा फार नव्हता. मुलीचं शिक्षण झालेलं, घराचं कर्ज फिटलेलं, रकमेला कामच नव्हतं. कार्यालयात मला वेड्यात काढलं, ते असो.

१ नोव्हेंबर २००५पासून राज्य सेवेत आलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या नशिबी एनपीएस, त्यावरून मार्च २०२३चा संप, मग सुधारित योजनांचे पर्याय. त्यात आज शिरत नाही.

आता खरेदीकडे येते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या किंवा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्याच्या हातात तीन गोष्टी पडतात: पीएफ, ग्रॅच्युइटी आणि ईपीएसची, म्हणजे पीएफला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन. ईपीएसचं सूत्र असं, की पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७०ने भागायचं. पगार कितीही असो, मर्यादा १५ हजार. तीस वर्षांची नोकरी पूर्ण मर्यादेवर धरली, वर दोन वर्षांची सवलत मिळवली, तरी उत्तर येतं ६ हजार ८५७. प्रत्यक्षात २०१४पूर्वीची वर्षं साडेसहा हजारांच्या मर्यादेने मोजली जातात, म्हणून मिळतं ते बरंच कमी. आमच्या यजमानांना किती मिळतं ते त्यांनी मला छापू दिलेलं नाही. या रकमेवर महागाई भत्ता नाही. सुरू होते तेव्हा जेवढी असते तेवढीच वर्षानुवर्षं येत राहते.

म्हणून कट्ट्यावर एक गंमत होते. ‘हप्ताबिप्ता काही नको, सरळ रोख घ्या आणि स्वतः गुंतवा,’ असं सगळ्यात ठासून सांगणारे गृहस्थ असतात निवृत्त शिक्षक, नाहीतर मंत्रालयातले. त्यांच्या बँकेत महिन्याला पेन्शन जमा होते आणि जानेवारी-जुलैचा भत्ता वाढला की तीही वाढते. त्यांच्या पायाखाली आयुष्यभराचा हप्ता आधीच आहे. राहिलेल्या पैशाशी ते खेळू शकतात. शेजारी मान डोलावणारा कारखान्यातला माणूस त्या जमिनीवर उभाच नाही. या बाबतीत त्याने सरकारी पेन्शनरचा सल्ला घेऊ नये, असं मी सरकारी पेन्शनर असून सांगते.

ॲन्युइटी म्हणजे विमा कंपनीला रक्कम द्यायची आणि तिने ठरलेला हप्ता हयातभर द्यायचा. दर खरेदीच्या दिवशी ठरतो, पुढे बदलत नाही. दर आजच्या मुदत ठेवीच्या आसपासच असतात, कधी त्याहून कमी, आणि मिळणारा हप्ता करपात्र. मग घ्यायची कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आमच्या ओळखीच्या, चरईत राहणाऱ्या एका आजोबांच्या पासबुकात आहे. २००३मध्ये केंद्र सरकारने एलआयसीमार्फत वरिष्ठ पेन्शन बीमा योजना आणली होती. दर ९ टक्के, हयातभर. महिन्याला २ हजारांपेक्षा जास्त पेन्शन मिळणार नाही अशी मर्यादा होती. आजोबांनी तेव्हा दोन लाख सहासष्ट हजारांच्या आसपास भरून पूर्ण दोन हजारांची पेन्शन घेतली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाकं मुरडली, कारण नऊ टक्के म्हणजे त्या पिढीला काहीच नव्हतं. त्यांनी बँकेत बारा-तेरा टक्के पाहिले होते.

पुढे काय झालं ते आपण सगळे जाणतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर मार्च २०२०पर्यंत ८.६ टक्के होता, एप्रिलमध्ये एकदम ७.४ झाला. बँकांच्या पाच वर्षांच्या ठेवी साडेपाच-सहा टक्क्यांवर उतरल्या. ज्यांच्या एफडी नेमक्या कोविडच्या वर्षात पिकल्या त्यांचं घरखर्चाचं गणित एका सहीनिशी कोलमडलं. आजोबांचे दोन हजार मात्र तेव्हाही आले, आजही येतात. त्याच पासबुकात दुसरी बाजूही दिसते: २००३मध्ये दोन हजारांत दोघांचं किराणा-दूध निघायचं, आज गॅस सिलिंडर आणि महिन्याच्या गोळ्या घेतल्या की संपले. हप्ता पक्का, पण रुपया खाली सरकत जातो. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत रुपयाची किंमत निम्म्यावर येते. तीन टक्के वाढीचा पर्याय असलेल्या ॲन्युइटी मिळतात, पण त्यांचा पहिला हप्ता इतका कमी असतो की घेणाऱ्याचा जीव होत नाही.

तेव्हा सगळी पुंजी ॲन्युइटीत घालणाऱ्याला मी हात जोडते. तब्येत नाजूक असेल त्याने तर विचारही करू नये; खरेदी करताना डॉक्टरी तपासणी नसते, धडधाकट माणसाला आणि दोन स्टेंट घातलेल्याला दर एकच. साठीलाच सगळी घेतली पाहिजे असंही नाही. वय वाढतं तसा त्याच रकमेत हप्ता जास्त मिळतो, टप्प्याटप्प्याने घेता येते.

मी संघात येणाऱ्यांना एक बेरीज करायला लावते. सोसायटीचं मेंटेनन्स, महावितरणचं बिल, गॅस, दूध, किराणा, भांडीवालीचा पगार, मोबाइल, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या, आरोग्यविम्याचा हप्ता महिन्यावर काढून. नातवाचे वाढदिवस आणि अष्टविनायक यात धरायचे नाहीत. ही बेरीज ईपीएस आणि पोस्टाच्या व्याजातून भागत असेल तर ॲन्युइटी कमीत कमी घ्या. सध्याच्या ८.२ टक्के दराने ज्येष्ठ नागरिक योजनेत एकाच्या नावावर ३० लाखांच्या पूर्ण मर्यादेपर्यंत ठेवले तर तिमाहीला ६१ हजार ५०० येतात. मासिक प्राप्ती योजनेत संयुक्त खात्यावर १५ लाख ठेवले तर ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९ हजार २५०. पण दोन्ही पाच वर्षांच्या योजना आहेत. सहाव्या वर्षी दर काय असेल हे तेव्हाचं सरकार ठरवणार, आणि तेव्हा आपण पासष्ट-सहासष्टचे असू, पुढे अजून वीस वर्षं असतील. भागत नसेल तेवढ्यापुरता हप्ता पक्का करावा आणि बाकी रोख ठेवावी, इतकं साधं माझं मत आहे. ८० टक्क्यांच्या नियमाला माझा विरोध नाही. त्या नियमाने माणसाला मोकळीक दिली. त्याच्या बायकोचं काय, हे मात्र त्यात पाहिलेलं नाही.

आता मुद्द्याचं. जवळच्याच एका सोसायटीतलं जोडपं, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते. ते कारखान्यात सुपरवायझर. निवृत्तीनंतर दहा लाख ॲन्युइटीत घालायचं ठरलं. विमा कंपनीचा माणूस घरी आला, त्याने पर्याय कागदावर लिहून दाखवले. पहिला: फक्त यांच्या हयातीपर्यंत हप्ता, मागे काही परत नाही. महिन्याला साडेसहा हजारांच्या वर. शेवटचा: यांच्यानंतर पत्नीला तेवढाच हप्ता तिच्या हयातभर आणि दोघांनंतर मूळ रक्कम मुलांना. साडेपाच हजारांच्या आसपास. त्यांनी पहिल्यावर खूण केली. ‘महिन्याचे हजार उगीच का सोडायचे?’ दुसऱ्या वर्षी ते हृदयविकाराने गेले आणि पुढच्या महिन्यापासून हप्ता बंद झाला. दहा लाखांतले जेमतेम सव्वा-दीड लाख परत आले होते.

वहिनी फाइल घेऊन माझ्याकडे आल्या. फाइल नवऱ्याच्या हातची, प्रत्येक कागद प्लास्टिकच्या खिशात, तारीखवार. मी तीनदा वाचली, कुठे काही धागा सापडतो का म्हणून. कंपनीने लबाडी केलेली नव्हती, करारात होतं तेच घडलं होतं. त्यांना तक्रार करायचीही नव्हती. त्यांनी विचारलं ते एवढंच, ‘ताई, हा कागद भरला तेव्हा मी घरातच होते. त्या माणसाला पोहे मीच करून दिले. मग मला का नाही बाहेर बोलावलं?’

आमच्या पिढीत बायको नवऱ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी लहान. त्यात बायका जगतातही जास्त. म्हणजे निवृत्तीच्या पैशाची शेवटची आठ-दहा वर्षं बहुतेक घरांत विधवेची असतात. ईपीएसमध्ये नवऱ्याच्या मागे तिला साधारण निम्मी पेन्शन मिळते. सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनसुद्धा सुरुवातीचा वाढीव काळ संपला की शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्क्यांवर येतं. मेंटेनन्स निम्मं होत नाही, विजेचं बिल निम्मं होत नाही. आणि जिला त्या पैशावर सगळ्यात जास्त दिवस काढायचे, ती निर्णयाच्या वेळी आत पोहे करत असते.

एकरकमी पैशाच्या बाबतीत तर तिची बाजू आणखी लंगडी. रोख आल्याची बातमी घरात लपत नाही. मुलाला घोडबंदर रोडला टू बीएचके बुक करायचा असतो, ‘बाबा, सुरुवातीचे पंधरा द्या, मी दोन वर्षांत परत करतो.’ मुलगा वाईट नसतो, हप्ते भरता भरता तोच मेटाकुटीला येतो. गावच्या घराचं छप्पर निघतं. नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेलेली असते आणि वाढीव क्षेत्राचे पैसे भरायचे असतात. बँकेतली गोड बोलणारी मुलगी ‘सर, एफडीपेक्षा छान आहे’ म्हणत पाच वर्षं हप्ता भरायची विमा पॉलिसी गळ्यात मारते, सत्तराव्या वर्षी! अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी रक्कम एकाच सहकारी बँकेत ठेवलेली मी पाहिली आहे. २०१९मध्ये एका मोठ्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा ठाण्यातले कितीतरी म्हातारे शाखेबाहेर उभे होते. सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. तेव्हा ठेवींचा विमा एक लाखाचा होता, फेब्रुवारी २०२०पासून पाच लाखांचा झाला. आता त्यात फोनवरच्या ‘डिजिटल अटके’ची भर. खात्यात चाळीस लाख दिसत असतील तर चोर चाळीस लाखांचं नाटक रचतो.

महिन्याला येणाऱ्या साडेपाच हजारांवर यातलं कोणी नजर ठेवत नाही. मुलगाही मागत नाही. विधवा बाईला ‘ते पैसे मोडता येत नाहीत’ असं सांगता येणं ही केवढी मोठी सोय आहे, हे ज्या बायकांना नाही म्हणायची सवय कधी लागलीच नाही त्यांना विचारा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ॲन्युइटीचा हा फायदा लिहिलेला असेल की नाही, कोण जाणे.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्या सासऱ्यांच्या निवृत्तीच्या वेळी तिने फोनवर सांगितलेली गोष्ट मला खरी वाटेना, म्हणून शोधून वाचली. अमेरिकेत १९८४च्या कायद्यापासून खासगी कंपनीच्या पेन्शन योजनेत विवाहित माणसाला मुळात जोडीदारासहचाच हप्ता मिळतो. तो नाकारून एकट्याचा हप्ता किंवा रोख हवी असेल तर जोडीदाराने लेखी संमती द्यावी लागते, आणि ती सही नोटरीसमोर नाहीतर योजनेच्या प्रतिनिधीसमोर व्हावी लागते. चाळीस वर्षांपूर्वीचा कायदा. आपल्याकडे फ्लॅट विकताना, सोसायटीत शेअर नावावर करताना घरातल्या चार जणांच्या सह्या घेतात. दहा-वीस लाखांच्या ॲन्युइटीचा पर्याय मात्र नवरा एकटा, एका खुणेत ठरवतो.

सरकारी एनपीएस वर्गणीदारांसाठी निदान पत्नीसह आणि मूळ रक्कम परतीचा पर्याय हा ठरलेला धरतात. खासगी वर्गणीदारांनाही तोच ठरलेला पर्याय ठेवावा आणि तो बदलायचा असेल तर जोडीदाराची सही अनिवार्य करावी, एवढं निवृत्तिवेतन प्राधिकरणाने केलं तर ८० टक्क्यांच्या नियमावर मी एक अक्षर बोलणार नाही. विमा कंपन्यांनी प्रत्येक पर्यायासमोर एक रकाना वाढवावा: ‘पतीच्या मृत्यूनंतर पत्नीला दरमहा रुपये.’ तिथे शून्य असेल तर शून्य छापावं, ठळक, आणि मराठीत. ‘लाइफ ॲन्युइटी विदाउट रिटर्न ऑफ पर्चेस प्राइस’ हे वाचून ज्यांना शून्य दिसतं अशी माणसं आमच्या संघात दोनच आहेत. त्यातले एक विमा कंपनीतूनच निवृत्त झालेले. कारखान्यांच्या एचआर विभागाने निवृत्तीच्या आदल्या महिन्यात कामगाराला एकट्याला न बोलावता नवरा-बायकोला बोलवावं. नारळ, शाल आणि घड्याळ देताना बायकोला स्टेजवर बोलावतातच, त्याआधी तासभर ऑफिसात बोलावलं तर खर्च चहाचाच आहे.

नोकरी करणाऱ्या बायकांनाही हे तितकंच लागू. माझ्या पेन्शनच्या कागदांवर यांची सही हवी होती असं मी घरी म्हटलं, तेव्हा यजमान म्हणाले, ‘मला विचारलं असतं तर मी चाळीस टक्के विकायला लावले असते.’ तरीही सही हवीच, भांडण आधी झालेलं बरं.

ज्यांना कायदा बदलायची वाट पाहायची नाही त्यांना आजही बरंच करता येतं. पोस्टाची आणि बँकेची खाती जोडीदारासह संयुक्त करा. वारसाची नोंद तपासा. माझ्या नोकरीत मी अशी सेवापुस्तकं पाहिली आहेत ज्यांत लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाच्या वारसाच्या रकान्यात अजून आईचं नाव होतं. बायकोला एकदा कोषागारात, एकदा पोस्टात आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बरोबर न्या. फोनवरून चेहरा दाखवून दाखला देता येतो, पण तो फोन बहुतेक घरांत नवऱ्याच्याच खिशात असतो.

मार्चअखेर निवृत्त होणाऱ्यांच्या घरात हे अर्ज आता येऊन पडले असतील. त्यात जोडीदाराच्या जन्मतारखेचा रकाना असतो. तो भरताना पुरुष हमखास आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडतात, ‘अगं, तुझी तारीख काय?’ तिने बाहेर येऊनच सांगावी, आणि आलीच आहे तर खालचा पर्यायांचा तक्ता खुर्चीवर बसून वाचावा.

आपली,
एक निवृत्त लेखा कर्मचारी
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे.)